ऐकून झाल्यावरची बैठक

१९५६ सालच्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत एक प्रयोग झाला. पुणे रेडिओ केंद्र आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, शेतकऱ्यांसाठी खास कार्यक्रम प्रसारित करी आणि पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत वीसेक माणसे एकत्र बसून तो ऐकत. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद होई आणि खरे काम सुरू होई. ऐकलेल्या विषयावर आपापसांत चर्चा करायची, शंका काढायच्या, गावात काय करता येईल ते ठरवायचे आणि हे सारे लिहून पुण्याला कळवायचे. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले. या शेतकरी श्रोतृमंडळांचा मूळ साचा कॅनडातून आला होता. तिथे १९४१ पासून ‘वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे ब्रीद घेऊन अशी मंडळे चालत होती. आपल्याकडचा प्रयोग युनेस्कोच्या पुढाकाराने झाला आणि त्याचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोपवण्यात आले.

उत्तर सातारा हे नाव आता फारसे कुणाच्या कानावर येत नाही. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. माझे माहेर कराडकडचे, आणि गेली बरीच वर्षे मी सांगलीत जनसंज्ञापन (मास कम्युनिकेशन) शिकवते. म्हणजे या जुन्या, अखंड साताऱ्याच्या दोन्ही तुकड्यांशी माझा संबंध आहे. आमच्या विषयाचा अभ्यासक्रम बहुतांशी अमेरिकेत घडलेला आहे. ओहायो, इलिनॉय, नॉर्थ कॅरोलिना ही तिथल्या गाजलेल्या अभ्यासांची ठिकाणे आमच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात, मात्र जगभरच्या विकास-संज्ञापनाच्या अभ्यासकांनी ज्याचा दाखला वर्षानुवर्षे दिला तो प्रयोग आपल्याच शिवारात झाला होता, हे त्यांना अंतिम वर्षापर्यंत माहीत नसते. मी तो पहिल्याच आठवड्यात शिकवते, कारण माध्यमे आणि समाज यांच्या संबंधाविषयी मला जे काही सांगायचे आहे त्याचा गाभा त्या दहा आठवड्यांत सापडतो.

निष्कर्ष थोडक्यात असा होता. ज्या गावांत मंडळे बसली तिथे लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते तिथे फारशी भर पडली नाही; त्यांची स्थिती रेडिओच नसलेल्या गावांपेक्षा फार वेगळी निघाली नाही. कार्यक्रम तोच, आवाज तोच, भाषा तीच आणि वेळही तीच. फरक होता तो ऐकून झाल्यावरच्या बैठकीचा. मूल्यमापन करणाऱ्यांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली, जिची त्यांनी अपेक्षा केली नसावी. ही मंडळे माहिती घेऊन थांबली नाहीत. ती पाहता पाहता गावाचे निर्णय घेऊ लागली आणि काही ठिकाणी तर निवडून आलेल्या पंचायतीपेक्षा लवकर कामे मार्गी लावू लागली.

हे मूल्यमापन ज्यांच्या देखरेखीखाली झाले त्या पॉल नॉयराथ यांच्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय या प्रयोगाचे वजन कळत नाही. ते मूळचे व्हिएन्नाचे, तत्त्वज्ञ ऑटो नॉयराथ यांचे पुत्र. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्यांना अटक झाली आणि दाखाऊ व बुखेनवाल्ड या दोन छळछावण्यांत त्यांनी दिवस काढले. सुटका झाल्यावर ते स्वीडनमार्गे अमेरिकेत गेले, समाजशास्त्रज्ञ झाले आणि त्या छावण्यांतील समाजजीवनावरच त्यांनी कोलंबिया विद्यापीठात प्रबंध लिहिला. ज्या राजवटीने स्वस्तातले रेडिओ संच घरोघर पोहोचवून एका माणसाचा आवाज सगळ्या देशाच्या कानांत भरला, त्या राजवटीच्या तावडीतून हा माणूस जिवंत सुटला होता. तोच पुढे मुंबईत प्राध्यापक म्हणून आला आणि रेडिओ ऐकून मराठी शेतकरी स्वतःच्या बुद्धीने काही ठरवू शकतो का, हे मोजत बसला. त्यांच्या मनात ही सांगड होती की नाही याबद्दल मी काही म्हणत नाही, पण माझ्या मनात ती कायमची बसली आहे. आवाज तोच असतो, यंत्रही तेच असते. ते बंद केल्यावर माणसांना बोलण्याची मुभा आहे की नाही, यावर सारे ठरते.

व्हिएन्नाचाच आणखी एक धागा आहे. समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ मध्ये ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. गावातील कापडगिरणी बंद पडली आणि जवळपास सगळे गाव बेकार झाले. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण घसरले आणि वर्तमानपत्राचे वाचकही घटले. हाताशी वेळ आहे आणि समोर कागद आहे एवढ्याने माणूस वाचत नाही. आपल्या वाचण्याने काही होणार आहे असे त्याला वाटावे लागते. लाझार्सफेल्ड पुढे अमेरिकेला गेले आणि १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी ओहायोमधील एरी कौंटीत तेच ते मतदार पुन्हा पुन्हा भेटून त्यांची मते कशी बनतात ते पाहिले. रेडिओ आणि वर्तमानपत्रे मतदारांना फिरवतात असा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता. आढळले ते असे की बहुतेकांचे मत फिरलेच नव्हते, आणि ज्यांनी काही ठरवले त्यांच्यावर ओळखीच्या माणसांच्या बोलण्याचा प्रभाव अधिक होता. माध्यमातला विचार आधी गावातील चार जाणत्यांपर्यंत जातो आणि त्यांच्याकडून इतरांपर्यंत, हे द्विस्तरीय प्रवाहाचे सूत्र तिथून आले.

हे सूत्र मी वर्गात फळ्यावर बाण काढून शिकवीत असे. त्याचा अर्थ मला अधिक नेमका सांगितला तो कराड तालुक्यातील एका वृद्ध शेतकऱ्याने, ज्यांच्या लहानपणी गावच्या चावडीत सार्वजनिक रेडिओ होता. लाकडी कपाट, त्याला कुलूप, आत बॅटरीवर चालणारा संच, किल्ली शिपायाकडे आणि बाहेर ओट्यावर घोंगड्या टाकून बसलेली माणसे, असे चित्र त्यांनी उभे केले. एकदा शेणखताच्या खड्ड्यावर बोलणे झाले आणि खड्डा घराजवळ असावा की रानात, यावरून रात्री उशिरापर्यंत वाद चालला. रेडिओवरचा माणूस काय म्हणाला होता ते त्यांना आठवत नव्हते, पण त्या वादात कोण काय म्हणाले ते नावानिशी आठवत होते. ‘‘रेडू सांगायचा ते कानावर पडायचं,’’ ते म्हणाले, ‘‘पर आमचं थोरलं चुलतं हू म्हनलं की मंग ते खरं.’’ मी विचारले, तिथे बायका असत का? त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. ‘‘बाया कशाला येतील चावडीत?’’

तो प्रश्न माझी पाठ सोडत नाही. बैठक हे माध्यमाचे खरे अंग आहे असे एकदा मानले की त्या बैठकीत कोण बसते आणि कोण बसत नाही, हा पहिला प्रश्न होतो. चावडीच्या ओट्यावर जागा कुणाला होती हे जातीने आणि लिंगाने आधीच ठरवून टाकलेले होते. शेतातली निम्मी कामे बायका करत आणि गावकुसाबाहेरची माणसेही करत, पण खड्ड्याचा वाद तिसऱ्याच कुणी घालायचा.

याच जिल्ह्यात त्याआधी एक पिढी दुसऱ्या प्रकारची बैठक होऊन गेली होती. सत्यशोधक जलसे गावोगाव फिरत, तमाशाचाच बाज घेत, पण त्यांच्या वगात भटजी, सावकार व कुळकर्णी यांची झाडाझडती होई. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यापर्यंत वर्तमानपत्र पोहोचणे अवघड होते. जलसा पोहोचत असे. १९१९ ते १९२१ या काळात सातारा जिल्ह्यात कुळांनी जो उठाव केला त्याच्यामागे या प्रचाराचे मोठे बळ होते. गेल ऑमवेट यांनी सत्तरच्या दशकाच्या आरंभी बर्कली विद्यापीठासाठी ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहिला तेव्हा या साऱ्याची अभ्यासपूर्ण नोंद झाली. अमेरिकेत जन्मलेली ही विदुषी वाळवा तालुक्यातील कासेगावची झाली, तिथेच राहिली आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिथेच गेली. माध्यम-संशोधक अशी त्यांची ओळख कुणी करून देत नाही, परंतु चळवळीचे वर्तमानपत्र, जलसा आणि सभा यांचा परस्परांशी कसा संबंध होता हे समजून घ्यायचे तर आमच्या विषयाच्या कितीतरी पाठ्यपुस्तकांपेक्षा त्यांचे काम उपयोगी पडते, असे माझे ठाम मत आहे.

चावडीतल्या रेडिओनंतर गावात दूरदर्शन आले, पण ते चावडीत थांबले नाही, घरात गेले. कर्क जॉन्सन यांनी नव्वदच्या दशकात पश्चिम महाराष्ट्राच्या डोंगराळ भागातील दानवली आणि राजपुरी या गावांत राहून याचा अभ्यास केला आणि २००० मध्ये तो पुस्तकरूपाने आला. त्यांनी किती तास टीव्ही पाहिला हे मोजण्यावर भर दिला नाही; पाहताना आणि पाहून झाल्यावर घरात काय होते याकडे लक्ष दिले. संध्याकाळी पुरुष घरी लवकर येऊ लागले, बायकोमुलांसोबत बसू लागले, घरकामाच्या वाटणीविषयी बोलणे निघू लागले. त्याच वेळी वस्तूंची हाव वाढली आणि शहरी भाषेचा दबदबाही वाढला, हेही त्यांनी नोंदवले. मला यातले महत्त्वाचे वाटते ते हे की, बायकांना जी जागा चावडीने दिली नव्हती ती घरातल्या टीव्हीने अर्धीमुर्धी का होईना दिली. पूर्ण मात्र दिली नाही, कारण घरात चर्चा झाली तरी ती टीव्हीपर्यंत परत जात नव्हती. १९५६ च्या मंडळांनी लिहिलेला कागद पुण्याला जाई. मालिकेतल्या सासूला कासारवाड्यातल्या सुनेने विचारलेला प्रश्न कुठेच जात नाही.

परतीची ती वाट पुन्हा उघडण्याचा प्रयत्न माण तालुक्यात झाला. म्हसवडला २००८ मध्ये माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू झाले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे म्हटले आणि २००६ च्या धोरणानंतर स्वयंसेवी संस्थांना असे केंद्र चालवता येऊ लागले, त्याचे हे फळ. माणदेशात बायका आपल्या बोलीत शेळ्या, बचत, पाणी आणि आजार यांविषयी बोलतात आणि शेजारच्या वाडीतल्या बायका ते ऐकतात. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, हे मात्र मला कधीच पटलेले नाही. हवामान, वीजपाणी, नैसर्गिक आपत्ती यांची माहिती देता येते. पण ग्रामसभेत काय झाले याची बातमी ज्या गावची, त्या गावच्या केंद्राला देता येऊ नये, यामागे माणसांवरचा अविश्वास आहे असे मला वाटते.

आता पुराविषयी, कारण या विषयाकडे मी पुस्तकातून गेले असले तरी त्याचे गांभीर्य मला २०१९ च्या ऑगस्टने शिकवले.

सांगलीत पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी हा सर्वांच्या बोलण्यातला विषय असतो. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असते. त्या ऑगस्टमध्ये मोबाईलवर तासातासाला आकडे येत होते, कोयनेचा विसर्ग किती क्युसेक, अलमट्टीतून किती, पूल किती फुटांवर. म्हणजे संदेश पोहोचण्यात कसलीच कसर नव्हती. आमच्या गावभागातील गल्लीत तरीही कुणी हलत नव्हते, कारण प्रत्येक आकड्याची तुलना दोन हजार पाचच्या पुराशी होत होती. शेजारच्या आजी आपल्या दारातल्या तिसऱ्या पायरीवर हात ठेवून सांगत, ‘‘त्या वेळी इथं टेकलं होतं बघा. ह्याच्या वर कृष्णामाई येत नाही.’’ २००५ ला पुलाजवळ पाणी चोपन्न फुटांच्या आत थांबले होते. या वेळी ते सत्तावन्नच्याही वर गेले. पण ते व्हायच्या आधी, पाणी कोपऱ्यावरच्या गटारातून उलटे वर येऊ लागले त्या संध्याकाळी, पाणीपुरवठ्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक काका गल्लीत घरोघर फिरले. हातात छत्री, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. ते प्रत्येक दारात तेच सांगत होते, ‘‘पुलाचे आकडे नका बघू. कराडला किती पाणी आहे ते विचारा. तिथलं पाणी इथं यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ आपल्या हातात आहे.’’ मग त्यांच्या पडवीत सात-आठ घरांतली माणसे बसली, कुणाचे कुठे नातेवाईक आहेत, कुणाकडे गाडी आहे, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना कसे उचलायचे, गॅसच्या टाक्या कुठे बांधायच्या, हे सगळे बोलून झाले आणि रात्री दहाच्या आत गल्ली रिकामी झाली. तिसऱ्या पायरीवाल्या आजी शेवटी निघाल्या, पण निघाल्या.

आकडे सर्वांकडे होते. त्या आकड्यांचा आपल्या दाराशी संबंध काय, हे कुणीतरी विश्वासाच्या माणसाने समोर बसून सांगावे लागले आणि सर्वांनी मिळून त्यावर बोलावे लागले. लाझार्सफेल्डचे सूत्र आणि नॉयराथचा निष्कर्ष या दोन्ही गोष्टी मी त्या पडवीत पाहिल्या.

त्याच पुराने वर्तमानपत्रांची एक मर्यादाही समोर आणली. मॅक्सवेल मॅकूम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी १९६८ च्या निवडणुकीत नॉर्थ कॅरोलिनातील चॅपेल हिल येथे मत न ठरवलेल्या शंभर मतदारांना विचारले की तुम्हाला कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटतात. माध्यमे ज्या प्रश्नांना ठळक जागा देत होती तेच प्रश्न मतदारांनाही महत्त्वाचे वाटत होते. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या लेखातून अजेंडा सेटिंगचा सिद्धांत रूढ झाला. आता आपल्याकडे पाहा. जिल्हा आवृत्त्या निघाल्यापासून साताऱ्याच्या पानावर सातारा असतो आणि सांगलीच्या पानावर सांगली. गावातल्या हळदीकुंकवाचा फोटोही छापून येतो, याचे मला कौतुकच आहे. कधी छापून न आलेली माणसे छापून आली. परंतु कोयना धरण साताऱ्यातील पाटण तालुक्यात आहे, तिचे पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि मग ते सांगलीच्या उंबऱ्यात येते. नदी जिल्ह्याची हद्द मानत नाही, आवृत्ती मानते. पाटणला चार दिवस कोसळणारा पाऊस ही सांगलीच्या वाचकासाठी पहिल्या पानाची बातमी असायला हवी, ती बहुधा शेजारच्या जिल्ह्याच्या आवृत्तीत राहून जाते. जे पानावर नाही ते मनात नाही, आणि जे मनात नाही त्याची तयारीही नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल की मग एकत्र बसून बोलले की सगळे ठीक होते. तसे नाही, आणि याच्या उलट पुरावाही आपल्याच जिल्ह्यात आहे. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये जत तालुक्यातील लवंगा गावात, कर्नाटकातून पंढरपूरकडे निघालेल्या उत्तर प्रदेशातील चार साधूंना मुले पळवणारी टोळी समजून मारहाण झाली. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता, एवढेच निमित्त. त्याआधी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात अशाच अफवेवरून भिक्षेकरी समाजातील पाच जणांचा जीव गेला होता. तिथेही माणसे जमलीच होती आणि बोललीही होती.

अफवांवरच्या संशोधनाची सुरुवात करणाऱ्यांत एक भारतीय नाव आहे, जमुना प्रसाद यांचे. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर पसरलेल्या अफवा त्यांनी गोळा केल्या आणि त्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. हादरे बसले पण पडझड झाली नाही अशा भागांत, आणखी मोठे संकट येणार आहे असे सांगणाऱ्या अफवा पसरत होत्या. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी पुढे त्याचा जो अर्थ लावला तो विलक्षण आहे: या अफवा भीती निर्माण करत नव्हत्या, आधीच बसलेल्या भीतीला कारण पुरवत होत्या. माणूस घाबरलेला आहे आणि समोर घाबरण्यासारखे काही दिसत नाही, ही अवस्था त्याला सहन होत नाही. १९६७ च्या कोयना भूकंपानंतर कितीतरी दिवस घराबाहेर झोपलेल्या माझ्या आईकडून, धरण फुटणार असल्याच्या रोज नव्याने येणाऱ्या ‘बातम्यां’विषयी मी ऐकले आहे आणि फेस्टिंगर यांचे म्हणणे मला तंतोतंत पटते.

व्हॉट्सॲपवरील अफवा आणि झुंडबळींविषयी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बनाजी आणि राम भट यांनी २०१९ मध्ये जो अहवाल दिला, त्यातही हाच धागा सापडतो. लोक अडाणी आहेत, त्यांना मोबाईल कळत नाही म्हणून ते खोटे संदेश पुढे ढकलतात, हा सुशिक्षितांचा आवडता खुलासा त्यांनी मान्य केला नाही. संदेश आधीपासूनच मनात असलेल्या पूर्वग्रहांशी जुळतो आणि तो आपल्या गटातल्या विश्वासाच्या माणसाकडून आलेला असतो, म्हणून तो पुढे जातो. म्हणजे माझ्या गल्लीतील काकांना जे बळ होते तेच बळ इथे उलट्या दिशेने काम करते. २०१८ मध्ये कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली, ती उपयोगाची आहे, परंतु अनोळखी, भटक्या, वेगळ्या कपड्यांतल्या माणसाविषयी आपल्या गावाच्या मनात जे साचले आहे त्याला कुठली मर्यादा घालणार?

मग पडवीत बसलेल्या आणि लवंग्यात जमलेल्या माणसांत फरक कोणता, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांपुढे ठेवते आणि स्वतःही त्यावर बराच काळ विचार करत आले आहे. १९५६ च्या मंडळांत एक निमंत्रक असे, एक कागद असे, शंका विचारणे हा नियमाचा भाग होता आणि त्या शंकेला उत्तर देण्याची जबाबदारी दुसऱ्या टोकाला कुणावर तरी होती. निर्णय चर्चेनंतर होत असे. झुंडीत निर्णय आधी झालेला असतो, माणसे त्यानंतर गोळा होतात आणि ज्याला शंका आहे तो घरी जातो किंवा गप्प राहतो. पुढे ढकललेल्या संदेशाला उत्तर देणारा कुणी नसतोच, कारण तो कुणी पाठवला हेच ठाऊक नसते. १९५९ पासून हे श्रोतृमंडळांचे काम देशभर नेण्यात आले, मंडळे हजारोंनी निघाली, पण कालांतराने ती निस्तेज झाली. संच वाटणे सोपे होते. प्रत्येक गावात शंका विचारायला लावणारा निमंत्रक उभा करणे आणि प्रत्येक कागदाला उत्तर देणे, हे खर्चाचे आणि चिकाटीचे काम होते.

आमच्या क्षेत्रातील संशोधनालाही हेच लागू आहे, आणि इथे मला थोडे कठोर बोलावे लागेल. माध्यमांवरचे आपल्याकडचे बरेचसे प्रबंध अजूनही पोहोच मोजतात. किती जण वाचतात, किती तास पाहतात, किती टक्के समाधानी आहेत. माझी एक विद्यार्थिनी जत भागात बायकांच्या मोबाईल वापरावर पीएच.डी. करते आहे. तिच्या पहिल्या प्रश्नावलीत ‘आपण दररोज किती तास मोबाईल वापरता?’ असा प्रश्न होता, चार पर्यायांसह. पहिल्याच घरात तिला उत्तर मिळाले, ‘‘माझा कुटला फोन, बाई. पोराकडं असतोय. त्यो कामावरनं आला की दावतोय काय दावायचं ते.’’ या बाईने एका वाक्यात जे सांगितले, कोणता पर्याय निवडला असता तर ते कागदावर आले असते? फोन कुणाच्या हातात आहे, कोण दाखवतो, काय दाखवायचे ते कोण ठरवतो, पाहून झाल्यावर ती कुणाशी बोलते; संशोधन या प्रश्नांचे करायला हवे. आम्ही प्रश्नावली बाजूला ठेवली. आता ती त्या घरांत संध्याकाळी जाऊन बसते, भाकरी होईपर्यंत.

त्याच बाईंनी काही दिवसांनी तिला विचारले, ‘‘एवढं ल्हिऊन नेतीस, त्याचं पुडं काय हुतंय?’’ प्रबंध इंग्रजीत होतो, बाइंड होतो आणि ग्रंथालयात जातो, हे उत्तर द्यायला तिला जड गेले. १९५६ चा अहवालही इंग्रजीत झाला आणि पॅरिसहून प्रसिद्ध झाला. ज्या गावांनी दहा आठवडे बैठका घातल्या त्यांच्या पुढे तो त्यांच्या भाषेत वाचला गेला असता, तर ती मंडळे काय म्हणाली असती, याचे मला फार कुतूहल आहे. पुण्याला कागद पाठवायची सवय लागलेली ती माणसे, त्यांनी नॉयराथ यांनाही शंका विचारल्या असत्या.

म्हणून आम्ही या वेळी ठरवले आहे की प्रबंधाचे कच्चे निष्कर्ष आधी मराठीत लिहायचे आणि त्या वस्त्यांवर जाऊन मोठ्याने वाचायचे. एका समितीत यावर आक्षेप आला, की ज्यांच्याविषयी निष्कर्ष आहेत त्यांनाच ते दाखवले तर संशोधनाची वस्तुनिष्ठता जाते. मला तसे वाटत नाही. पहिले वाचन समाजमंदिरात झाले. बायका आल्या, काही पुरुष दाराशी उभे राहिले. मुले पळवणाऱ्या टोळीच्या संदेशांविषयीचा भाग वाचून झाल्यावर एका सासूबाईंनी मध्येच थांबवले आणि म्हणाल्या, की हे संदेश आम्ही खरे मानतो असे तू लिहिले आहेस ते चूक आहे, आम्हाला ते खरे वाटत नाहीत, पण पोराला न सांगावे तर उद्या काही झाले तर आपल्यावर येईल, म्हणून आम्ही सांगतो. यावर दुसरी म्हणाली की मी तर खरेच मानते. मग त्या दोघींचे आणि इतरांचे जे बोलणे सुरू झाले ते माझ्या विद्यार्थिनीने अडवले नाही, फक्त लिहून घेतले. प्रबंधात आता विश्वास आणि जबाबदारीची धास्ती अशी दोन वेगळी प्रकरणे झाली आहेत. दुसरे वाचन ज्वारीची काढणी आटोपल्यावर व्हायचे आहे, आणि दाराशी उभ्या असलेल्या पुरुषांनी आपल्यालाही बसायला बोलवा असा निरोप धाडला आहे.